कृपेला साठ दिवसांची नोटीस

मध्य प्रदेशात कुणाला धर्म बदलायचा असेल, तर २०२१ च्या धर्म स्वातंत्र्य कायद्याच्या कलम १० प्रमाणे त्याने साठ दिवस आधी जिल्हा दंडाधिकाऱ्याला तसे लिहून द्यायचे. आपल्यावर जबरदस्ती नाही, दबाव नाही, कुणी आमिष दाखवलेले नाही, हे आपण आपल्या मर्जीने करत आहोत, असे त्या निवेदनात म्हणायचे. भोपाळच्या विधानसभेने ८ मार्च २०२१ रोजी हे विधेयक मंजूर केले. त्यावर वाद पुष्कळ झाले. आंतरधर्मीय लग्ने, आदिवासी पाडे, मिशनरी शाळा, राज्यघटनेचे कलम २५, सगळ्यावर बोलून झाले. एका मुद्द्याची मात्र फारशी चर्चा झाली नाही. संत ऑगस्टिनची शिकवण मनापासून पटलेला माणूस ख्रिस्ती व्हायला निघाला, तर या कागदावर सही करताना त्याचा हात अडखळेल. त्या शिकवणीप्रमाणे पतित माणूस आपल्या मर्जीने देवाकडे जातच नाही. देवच त्याला ओढून नेतो.

हा शब्दच्छल नव्हे. पापात पडलेला माणूस देवाचा शोध घेऊ शकतो का, हा प्रश्न ख्रिस्ती धर्मशास्त्रात सोळाशे वर्षे धुमसतो आहे. त्यापायी धर्मसभा भरल्या, माणसे बहिष्कृत झाली, पंथ फुटले. जे कोडे बिशपांना आणि पंडितांना सुटले नाही, त्याचे उत्तर एका छापील नमुन्यात भरून मागणारे सरकार म्हणूनच जरा कौतुकाचा विषय ठरते.

मुळात बायबलच दोन्ही बाजूंनी बोलते. पौल रोमकरांना लिहिलेल्या पत्रात, तिसऱ्या अध्यायात, चौदाव्या स्तोत्राचा आधार घेऊन सांगतो की नीतिमान असा एकही नाही आणि देवाला शोधणाराही कुणी नाही. तोच पौल ‘प्रेषितांची कृत्ये’च्या सतराव्या अध्यायात अथेन्सच्या विद्वानांपुढे उभा राहतो तेव्हा त्याचा सूर वेगळा लागतो. माणसांनी देवाला शोधावे, चाचपडत का होईना त्याच्यापर्यंत पोचावे, यासाठीच देवाने राष्ट्रे वसवली, असे तो तिथे म्हणतो. योहानाच्या शुभवर्तमानात येशू सांगतो की पित्याने ओढल्याशिवाय कुणी माझ्याकडे येऊ शकत नाही. आणि लूकच्या शुभवर्तमानात जक्कय नावाचा बुटका जकातदार येशू कसा दिसतो ते पाहायला गर्दीच्या पुढे धावतो आणि सरळ झाडावर चढतो. हा शोध नाही तर काय? पण गोष्ट तिथे संपत नाही. येशू झाडाखाली थांबतो, जक्कयला नावाने हाक मारतो, आज तुझ्याकडेच उतरायचे आहे म्हणतो, आणि शेवटी सांगतो की हरवलेल्यांना शोधायला मीच आलो आहे. वरचा खाली पाहतो आहे, खालचा वर. कोण कुणाला शोधत होता, हे लूकने वाचकावर सोडले आहे.

ऑगस्टिनला ते तसे सोडवले नाही. त्याचे स्वतःचे आयुष्य म्हणजे शोधाचा नमुना. उत्तर आफ्रिकेत जन्मलेला हा बुद्धिमान तरुण नऊएक वर्षे मानी पंथात रमला, मग प्लेटोच्या अनुयायांकडे वळला, मिलानमध्ये बिशप अँब्रोझची प्रवचने ऐकू लागला. अखेर ३८६ साली एका बागेत रडत बसला असता त्याच्या कानावर लहान मुलाचा आवाज पडला, त्याने पौलाचे पत्र उघडले आणि वळला. एवढी वणवण केलेल्या माणसाने मागे वळून पाहताना निष्कर्ष काय काढला? की आपण शोधत नव्हतो, पळत होतो, आणि देव पाठलाग करत होता. रोममध्ये तपस्वी म्हणून मान मिळवलेल्या पेलेजियसला ऑगस्टिनची प्रार्थना ऐकून संताप आला. आज्ञाही देवानेच द्यायची आणि ती पाळण्याचे बळही त्यानेच द्यायचे, तर माणसाने करायचे काय? असे म्हटले तर आळशांचे फावेल, हा त्याचा आक्षेप आजही निकालात निघालेला नाही. कार्थेजच्या धर्मसभेने ४१८ साली पेलेजियसचे मत मात्र निकालात काढले.

ऑगस्टिनने या वादात पुढे केलेला एक पुरावा आजच्या भोपाळमध्येही पाहायला मिळतो. जहांगीराबादमध्ये कॅथलिकांचे मुख्य देऊळ आहे. बेगमांच्या दरबारी चाकरीला असलेल्या बूर्बाँ घराण्यातल्या इसाबेला, ऊर्फ दुल्हन सरकार, यांच्याशी या देवळाचा इतिहास जोडलेला आहे. अशा कुठल्याही चर्चमध्ये तान्ह्या बाळाचा बाप्तिस्मा पाहावा. बाळाला पांढरे कपडे घातलेले असतात, बहुधा ते झोपलेले असते. धर्मगुरू विचारतो, सैतानाचा त्याग करतोस का, देवावर विश्वास ठेवतोस का, आणि उत्तरे देतात धर्ममाता-धर्मपिता. डोक्यावर तीनदा पाणी पडते तेव्हा बाळ दचकून रडायला लागते. ऑगस्टिन विचारायचा, या बाळाने कुठे देवाला शोधले? तरी चर्च त्याला पदरात घेतेच ना? भोपाळमधले बहुतेक ख्रिस्ती, मग ते केरळहून आलेले परिचारिकांचे आणि शिक्षकांचे घर असो की छोटा नागपूरकडून आलेले आदिवासी कुटुंब, याच वाटेने ख्रिस्ती झाले. कलम १० त्यांना लागू नाही. कुणाची मर्जी होती, हा प्रश्न त्यांना कुणी विचारत नाही.

पुढच्या शतकांत वादाचे काटे इकडे-तिकडे हलत राहिले. दक्षिण फ्रान्समधल्या मठवासींनी तडजोड सुचवली, की पहिले पाऊल माणसाचे, बाकी सारे देवाचे. ५२९ साली ऑरेंजच्या सभेने ते अमान्य केले. देवाकडे वळावेसे वाटणे हीसुद्धा देवाचीच देणगी, असा निर्णय दिला. मात्र देवाने काहींना दुष्टपणासाठीच नेमले आहे, ही कल्पनाही तिने तितक्याच ठामपणे फेटाळली. ट्रेंटच्या परिषदेने १५४७ मध्ये म्हटले की कृपा आधी येते, पण माणूस तिला साथ देऊ शकतो किंवा झिडकारू शकतो. कॅल्व्हिनच्या अनुयायांनी १६१८-१९ मध्ये डोर्टच्या सभेत ठरवले की देवाने निवडलेला माणूस कृपा शेवटपर्यंत झिडकारू शकत नाही. अठराव्या शतकात जॉन वेस्लीने मधली वाट काढली. शोधण्याची शक्ती पतित माणसात नाही हे खरे, पण देवाची कृपा प्रत्येकापाशी आधीच पोचलेली असते आणि तिच्या बळावर कुणीही शोधू शकतो. गंमत म्हणजे कॅल्व्हिनच्या आणि वेस्लीच्या परंपरेतली मंडळे २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात एकत्र आली आणि चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाले. हा वाद पोटात घालूनच ते संसार करत आहेत.

मराठी वाचकाला यात परके वाटावे असे फारसे नाही. दक्षिणेतल्या श्रीवैष्णवांमध्ये हाच तंटा झाला आणि त्याला दोन प्राण्यांची नावे मिळाली. माकडाचे पिल्लू आईच्या पोटाला स्वतः घट्ट धरते. मांजराचे पिल्लू काहीच करत नाही, आईच त्याला तोंडात धरून नेते. वडकलै पंथ माकडाच्या बाजूचा, तेंकलै मांजराच्या. पंढरपूरची कथा तर मांजरांच्याही पुढे जाते. पुंडलिक देवाला शोधायला कुठेच गेला नव्हता. तो आईबापांची सेवा करत होता, देव दारात आला, आणि याने त्याला वीट फेकून थांबायला सांगितले.

आता तीन मराठी माणसे या प्रश्नासमोर उभी करून पाहू.

नीळकंठशास्त्री गोरे यांचा जन्म १८२५ चा, झाशीजवळचा. घराणे चित्पावन, वाढ काशीत, शिक्षण न्याय आणि व्याकरणाचे. काशीतल्या विल्यम स्मिथ या मिशनऱ्याचे तोंड बंद करायचे, या इराद्याने ते त्याच्याकडे गेले. म्हणजे शोधायला नव्हे, खोडायला गेले. वादाची वर्षे झाली आणि घरच्यांचा कडवा विरोध असताना १४ मार्च १८४८ रोजी जौनपूरला त्यांचा बाप्तिस्मा झाला. नाव नेहेम्या पडले. पुढे षड्दर्शनांचे खंडन करणारा ‘षड्दर्शनदर्पण’ त्यांनी हिंदीत लिहिला. पण आपल्याच श्रद्धेविषयीच्या शंकांनी त्यांना आयुष्यभर सोडले नाही. शंकेखोर बुद्धी ही त्यांची प्रकृती होती, आणि ती घेऊनच ते १८९५ मध्ये मुंबईत वारले. गोऱ्यांना विचारले असते की तुम्ही देवाला शोधले का, तर बहुधा त्यांनी आधी ‘शोध’ची व्याख्या मागितली असती.

त्याच १८९५ सालात, १० फेब्रुवारीला, मुंबईत नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा झाला. टिळक शोधत होते यात शंकाच नाही. रूढ धर्मात मन रमेना म्हणून स्वतःचाच नवा धर्म काढण्यापर्यंत त्यांची मजल गेली होती. १८९३ मध्ये ते नागपूरहून राजनांदगावला नोकरीसाठी चालले होते. आगगाडीच्या डब्यात एक गोरा साहेब भेटला. काव्यावर, धर्मावर गप्पा रंगल्या. उतरण्यापूर्वी साहेबाने नव्या कराराची प्रत हातात ठेवली आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असे भाकीत केले. टिळकांनी दिल्या शब्दाखातर पुस्तक उघडले, सुरुवातीला कंटाळले, आणि डोंगरावरच्या प्रवचनापाशी आल्यावर त्यांना ते खाली ठेववेना. भाकीत दोन वर्षांत खरे ठरले. शोध टिळकांचा, पण पुस्तक स्वतःहून डब्यात येऊन बसले. टिळकांनी आपली आधीची वाट कधी फुकट मानली नाही, हे इथे महत्त्वाचे. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी आलो, असे ते सांगत. पतित माणसाचा ख्रिस्तापूर्वीचा सारा शोध निष्फळ, असे कडवे मत मानणाऱ्यांना हे वाक्य अवघड जाते. या अनुभवाची किंमत घरात कुणी मोजली, ते ‘स्मृतिचित्रे’ वाचलेल्यांना सांगायला नको. टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाई काही शोधायला निघाल्या नव्हत्या. जात देवाने केली की माणसाने, हा प्रश्न एके दिवशी त्यांच्या मनात घुसला, सोवळे गळून पडले, आणि १९०० मध्ये त्यांनीही बाप्तिस्मा घेतला.

तिसऱ्या पंडिता रमाबाई, आणि त्यांचे उदाहरण सर्वांत बोचरे. बापाने अरण्यात संस्कृत शिकवले. दुष्काळात आईवडील आणि बहीण गेल्यावर भावाबरोबर त्या पायी हिंदुस्थान फिरल्या, तीर्थे केली, उपास केले. शोध म्हणतात तो याहून खडतर काय असणार? २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधील वाँटेज येथे त्यांनी आपली छोटी मुलगी मनोरमा हिच्यासह बाप्तिस्मा घेतला. तिथल्या सिस्टर जेराल्डिनशी त्यांचे त्रैक्यावरून आणि चर्चच्या अधिकारावरून पत्रांतून खटके उडाले. दुसऱ्याने सांगितले म्हणून मान डोलावणे या बाईच्या रक्तात नव्हते. तरी १९०७ मध्ये आपली साक्ष लिहिताना त्यांनी सांगितले की बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षे आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता. १८९१ च्या सुमारास विल्यम हॅस्लम या इंग्रज धर्मगुरूचे आत्मकथन त्यांच्या हाती आले. हा हॅस्लम स्वतः व्यासपीठावरून प्रवचन देता देता बदलला होता. म्हणजे त्याआधी तो धर्मगुरू होताच! ते वाचल्यावर रमाबाईंच्या लक्षात आले की आपण अजून लायक होण्याची धडपड करतो आहोत, आणि मिळायचे ते लायकीवर मिळतच नाही.

ऑगस्टिनच्या बाजूने सर्वांत जोरदार बोलणारी साक्ष एका मराठी संस्कृत पंडितेची असावी, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. कारण ‘शोधणारा कुणी नाही’ हे मत पहिल्यांदा ऐकले की माणसाचा अपमान वाटतो. रमाबाईंकडून पाहिले तर त्यात एक विलक्षण समता दिसते. देव शोधून मिळत असेल, तर सहा दर्शने पाठ असलेले नीळकंठशास्त्री रांगेत पहिले आणि निरक्षर बाई शेवटची. शोधायला सवड लागते, अक्षर लागते, पोटात अन्न लागते. १८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात, म्हणजे आजच्या मध्य प्रदेशाच्या मोठ्या भागात, गेल्या आणि उपाशी, बेवारस मुली आपल्या केडगावच्या आश्रमात घेऊन आल्या. तीनशे मुली वाचवायच्या असा त्यांचा संकल्प होता. त्या मुली देवाला नव्हे, भाकरीला शोधत होत्या. कृपा शोधाची वाट पाहत नाही, असे मानणाऱ्या धर्मातच या मुलींना नीळकंठशास्त्र्यांच्या बरोबरीची जागा मिळू शकते.

इथेच विरोधकांचा खरा मुद्दा येतो आणि तो टाळून चालणार नाही. उपाशी पोराला भाकर द्यायची आणि मग बाप्तिस्मा, याला आमिष नाही तर काय म्हणायचे? रमाबाईंनी चालवलेल्या शारदा सदनातल्या मुली त्यांच्या प्रार्थनेला बसतात यावरून १८९३ मध्ये पुण्यात वादळ उठले, ‘केसरी’ने झोड उठवली, रानडे आणि भांडारकर यांनी सल्लागार मंडळ सोडले. हे लोक काही धर्मवेडे नव्हते. १९५४ मध्ये मध्य प्रदेश सरकारने, राजधानी तेव्हा नागपूर होती, निवृत्त मुख्य न्यायमूर्ती भवानीशंकर नियोगी यांची समिती नेमली आणि तिने १९५६ च्या अहवालात दवाखाने, वसतिगृहे, कर्जे यांच्या वाटेने होणाऱ्या धर्मांतरांच्या तक्रारी नोंदवल्या. अहवाल एकांगी वाटला तरी त्यातली प्रत्येक तक्रार खोटी म्हणता येत नाही. शुभवर्तमानातही याची जाण आहे. भाकरी खाऊन तृप्त झालेला जमाव दुसऱ्या दिवशी पुन्हा शोधत आला, तेव्हा तुम्ही पोटासाठी मला शोधता, असे येशूने त्यांना तोंडावर सुनावले. गहू-तांदळाने मिळवलेला अनुयायी हा चर्चच्या स्वतःच्या शास्त्रातही अनुयायी ठरत नाही, हे काही उत्साही प्रचारकांनी ध्यानात घ्यायला हवे.

पण यावर सरकारने शोधलेला उपाय पाहा. १९६८ च्या मध्य प्रदेश कायद्याने जबरदस्ती, फसवणूक आणि आमिष यांना गुन्हा ठरवले. त्याला आव्हान देणाऱ्या स्टॅनिस्लॉस या धर्मगुरूच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १७ जानेवारी १९७७ रोजी कायदा वैध ठरवला. धर्माचा प्रसार करता येतो, पण दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा मूलभूत अधिकार कुणाला नाही, असे सांगितले. या वाक्यावर ऑगस्टिनने मान डोलावली असती. माणूस माणसाला बदलू शकत नाही, हेच तर त्याचेही म्हणणे. २०२१ च्या कायद्याने आमिषाची व्याख्या आणखी ताणली. पैसा, भेटवस्तू, नोकरी, शिक्षण तर त्यात आलेच, पण ईश्वराच्या प्रसन्नतेपर्यंत ती जाऊन भिडली. राजनांदगाव २००० सालापर्यंत मध्य प्रदेशातच होते. टिळकांचा तो सहप्रवासी आज त्याच गाडीत भेटता, तर फुकट दिलेले पुस्तक आणि दोन वर्षांचे भाकीत यांवर एखाद्या उत्साही ठाणेदाराने गुन्हा नोंदवला नसता, याची खात्री कुणी देईल?

जबरदस्ती आणि फसवणूक बाहेरून दिसतात. त्यांना साक्षीदार असतात, पावत्या असतात, जखमा असतात. माणूस देवाकडे का वळला, हे असे दिसत नाही. गोरे वादाला गेले आणि हरले, टिळकांना पुस्तक मिळाले, लक्ष्मीबाईंच्या मनात प्रश्न घुसला, रमाबाईंना तर बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी उमगले. यांतल्या कुणाला साठ दिवस आधी काय लिहून देता आले असते? रमाबाईंनी भरलेला अर्ज त्यांच्याच हिशेबाने चुकीचा ठरला असता. व्हॅटिकनच्या दुसऱ्या परिषदेने १९६४ मध्ये, ख्रिस्ताची ओळख नसलेल्या पण कृपेच्या प्रेरणेने देवाला प्रामाणिकपणे शोधणाऱ्यांविषयी लिहिताना, शोध आणि कृपा एकाच वाक्यात बांधून टाकली. शहाणपण त्यातच आहे. पुढे चालताना जो शोध वाटतो, तोच मागे वळून पाहताना हाक वाटतो. दोन्ही अनुभव खरे आहेत, आणि कलेक्टर कचेरीत मोजता येईल असा त्यांतला एकही नाही.

मध्य प्रदेश उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२२ मध्ये कलम १० प्रथमदर्शनी घटनाबाह्य असल्याचे म्हटले आणि त्याखाली सक्तीची कारवाई करू नये असा अंतरिम आदेश दिला. राज्य सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले. जानेवारी २०२३ मध्ये तिथेही स्थगिती मिळाली नाही. तरी ८ मार्च २०२५ रोजी मुख्यमंत्री मोहन यादव यांनी भोपाळमध्येच जाहीर केले की सक्तीच्या धर्मांतराला फाशीची तरतूद करू. त्याऐवजी सरकारने साठ दिवसांच्या नोटिशीचा हट्ट सोडावा आणि आमिषाच्या व्याख्येतून ईश्वराला वगळावे. धमकी आणि फसवणूक यांना शिक्षा देणारी कलमे भारतीय न्याय संहितेत आहेतच. ती पुराव्यानिशी वापरावीत.